मुदत आणि विश्वस्तधर्म

सुरतेच्या सराफ्यात हुंडीचे दोन प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. एक दर्शनी, दुसरी मुदती. दर्शनी हुंडी पुढे करताच रक्कम मोजावयाची. मुदती हुंडीची रक्कम तिच्यावर लिहिलेला दिवस उगवला म्हणजे मोजावयाची. या दुसऱ्या प्रकारात सारा व्यवहार त्या एका तारखेवर उभा असतो. ती तारीख पुढे ढकलता येत नाही असे नाही. परंतु ढकलण्याचा अधिकार धनकोचा आहे, ऋणकोचा नव्हे. ऋणकोने अडचण सांगावी, विनवणी करावी, वाटल्यास अधिक व्याज कबूल करावे. हे सर्व त्याला मोकळे आहे. मात्र आपल्याच वहीत, आपल्याच हाताने पुढची तिथी मांडून ‘मुदत वाढली’ असे तो सांगू लागला, तर पेढीवरचा उमेदवार गुमास्ताही त्याला हसल्यावाचून राहणार नाही.

बाजारात जे कोणालाही कळते ते राज्यव्यवहारात कित्येकदा कळेनासे होते. प्रतिनिधी आणि लोक यांचे नाते अशाच एका मुदतीवर उभे असते. लोक आपली सत्ता कायमची देऊन टाकीत नाहीत. ती पाच वर्षांच्या बोलीने सोपवितात. ही बोली प्रतिनिधीनेच आपल्या मताने बदलली आणि तसे करण्याची वाट कायद्यातच ठेवलेली असली, तर ते कृत्य निर्दोष ठरते काय? कायद्याने जे करता येते ते धर्माने करावे काय? हा केवळ तर्कापुरता प्रश्न नाही. आपल्या देशाच्या पाचव्या लोकसभेने तो १९७६ साली प्रत्यक्षात आणून ठेवला. आणि सुरतेचा त्या लोकसभेशी निकटचा संबंध होता, कारण मोरारजी देसाई हे १९५७ पासून सलग पाच निवडणुकांत या नगराचे प्रतिनिधी म्हणून निवडले गेले आणि पाचव्या लोकसभेतही सुरतेची जागा त्यांचीच होती.

प्रथम हकीकत पाहू. चौथी लोकसभा आपली पाच वर्षे पुरी होण्याच्या सुमारे वर्षभर आधी, २७ डिसेंबर १९७० रोजी विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेस पक्षाला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. नवी लोकसभा १९ मार्च १९७१ रोजी प्रथम भरली; अर्थात तिची घटनात्मक आयुर्मर्यादा १८ मार्च १९७६ पर्यंत होती. या सभेच्या पहिल्या वर्षातच बांगलादेशाचे युद्ध झाले, आणि त्या निमित्ताने ३ डिसेंबर १९७१ रोजी बाह्य आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी पुकारली गेली. संस्थानिकांचे तनखे याच सभेने बंद केले, कोळशाच्या खाणी सरकारी मालकीच्या केल्या, वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा १९७२ चा कायदा केला, जुन्या फौजदारी प्रक्रियासंहितेच्या जागी १९७३ ची नवी संहिता आणली. सुरत जिल्ह्याने तर या सभेचे एक ऋण विसरू नये. येथील अनाविल व पाटीदार जमीनदारांच्या शेतांवर दुबळा जातीची कुटुंबे कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबत आली. त्या पद्धतीला ‘हाळी’ म्हणत. फेब्रुवारी १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा जो कायदा झाला, त्यात देशभरच्या वेठबिगारीच्या नावांची जी यादी दिली आहे तीत ‘हाळी’ हा शब्द आहे. या सभेने काहीच चांगले केले नाही असे म्हणणे म्हणजे असत्य बोलणे होय.

मात्र वकिलाच्या सवयीने येथे तारखा लक्षात ठेविल्या पाहिजेत. वेठबिगारीचा कायदा, स्त्री-पुरुषांना समान कामास समान वेतन देणारा कायदा, हे दोन्ही १८ मार्च १९७६ च्या आतले आहेत. म्हणजे ते त्या सभेने आपल्या हक्काच्या वेळात केले. चांगल्या कामाला मुदतवाढीची गरज पडली नव्हती.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, तरी तिचा क्रम पुन्हा सांगणे अवश्य आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणाने दुसरी आणीबाणी पुकारली गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्यांना अटक झाली त्यांत सुरतेचे प्रतिनिधी होते. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणे हा तिचा हेतू होता. त्यातील मुख्य कलम सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द केले, जरी निवडणूक मात्र वैध ठरविली. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. विरोधी बाकांवरील कित्येक सभासद स्थानबद्ध होते. अशा अवस्थेत फेब्रुवारी १९७६ मध्ये लोकसभेने आपली मुदत एका वर्षाने वाढविण्याचा कायदा संमत केला. नोव्हेंबर १९७६ मध्ये तीच मुदत आणखी एका वर्षाने, म्हणजे १८ मार्च १९७८ पर्यंत, पुन्हा वाढविली. याच सुमारास बेचाळिसावी घटनादुरुस्ती होऊन लोकसभेचे आयुष्य पाचाऐवजी सहा वर्षांचे करण्यात आले.

कायद्याच्या दृष्टीने पहिल्या दोन पावलांत खोट काढता येत नाही. आपल्या घटनेच्या ८३ व्या अनुच्छेदात लोकसभेची मुदत पाच वर्षे ठरविली आहे, आणि त्यालाच जोडून अशी सवलत आहे की आणीबाणी चालू असेतोवर संसदेने कायदा करून ही मुदत एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवावी. आणीबाणी उठल्यानंतर मात्र सहा महिन्यांपलीकडे ती चालू नये. संसदेने हेच केले. तेव्हा आक्षेप घ्यावयाचा तर तो कायद्याच्या अक्षराबाहेर उभे राहूनच घ्यावा लागतो. आणि म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे.

मुदतवाढीच्या बाजूने जे म्हटले गेले ते टाकाऊ समजून पुढे जाणे बरे नव्हे. त्यात तीन गोष्टी होत्या. संकटकाळी नेहमीचे नियम थांबतात, ही पहिली. इंग्लंडसारख्या लोकशाहीच्या माहेरघरी हेच झाले आहे, ही दुसरी. आणि लोक समाधानी आहेत, मग त्यांना निवडणुकीच्या धामधुमीत का ओढावे, ही तिसरी.

पहिला मुद्दा आपल्या परंपरेला अपरिचित नाही. त्याला आपल्याकडे आपद्धर्म म्हणतात. शांतिपर्वात विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला तो ऋषी चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी उचलतो, आणि चांडाळच त्याला धर्माची आठवण देऊ लागतो. विश्वामित्र वाद घालतो, प्राणरक्षणाचे समर्थन करतो, मांस नेतो. परंतु त्या कथेत दोन गोष्टी आहेत, ज्या आपद्धर्माचा आधार घेणारे सहसा सांगत नाहीत. एक ही की भूक खरी होती. ती ऋषीने स्वतः उत्पन्न केलेली नव्हती. दुसरी ही की पाऊस पडल्यावर ते मांस आश्रमाचा नित्याचा आहार झाला नाही. विश्वामित्राने आपल्या तपाने तो दोष जाळला. आपल्या शिष्यांसाठी त्याचा नियम केला नाही.

या दोन कसोट्या १९७६ ला लावून पाहाव्यात. संकट इतके निकराचे होते काय की मतदानच होऊ नये? डिसेंबर १९७१ ची युद्धकालीन आणीबाणी चालू असतानाच मार्च १९७२ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि इतर कित्येक राज्यांत विधानसभांच्या निवडणुका सुरळीत पार पडल्या होत्या. ज्या देशाला युद्धानंतर तीन महिन्यांत मतदान घेता आले, त्याला शांततेच्या काळात ते अशक्य व्हावे, हे पटणारे नाही. दुसरी कसोटी याहून कठीण आहे. बेचाळिसाव्या दुरुस्तीने सहा वर्षांची मुदत कायमची केली. येथे आपद्धर्माचा नित्यधर्म झाला. तात्पुरता म्हणून घातलेला मांडव उतरविण्याऐवजी त्याचे खांब पक्क्या चुन्यात बसविले, तर तो मांडव कशासाठी घातला होता याविषयी पाहणाऱ्याला शंका यावयाचीच.

दुसरा मुद्दा इंग्लंडचा. तेथे १९१० च्या अखेरीस निवडलेली संसद पहिल्या महायुद्धामुळे १९१८ पर्यंत बसली, आणि १९३५ ची संसद दुसऱ्या महायुद्धामुळे १९४५ पर्यंत. परंतु दोन्ही वेळी मोठे पक्ष संयुक्त मंत्रिमंडळात एकत्र आले होते. ज्याच्याकडून सत्ता जाण्याचे भय, त्यालाच सत्तेत भागीदार केले होते. विरोधकांना तुरुंगात ठेवून मुदत वाढविणे आणि त्यांना शेजारी बसवून वाढविणे, यांना एकाच नावाने ओळखणे म्हणजे शब्दांवर अन्याय करणे होय. शिवाय १९११ च्या ज्या कायद्याने तेथील वरिष्ठ सभागृहाचे पंख कापले, त्याच कायद्याने एक अपवाद जाणूनबुजून ठेविला: लोकसभागृहाचे आयुष्य पाच वर्षांपलीकडे नेणारे विधेयक असेल, तर वरिष्ठ सभागृहाची संमती ओलांडता येणार नाही. १७१६ साली तीन वर्षांसाठी निवडलेल्या संसदेने स्वतःचे आयुष्य सात वर्षांचे करून घेतले होते. त्या राष्ट्राला या मोहाची पूर्वीची ओळख होती, म्हणूनच त्याने या एका दाराला दोन कुलुपे लाविली.

तिसरा मुद्दा लोकांच्या समाधानाचा. गाड्या वेळेवर धावतात, संप बंद आहेत, भाव आटोक्यात आहेत, असे तेव्हा सांगितले जाई. हे खरे होते असे क्षणभर धरले, तरी विश्वस्ताला त्याचा उपयोग नाही. समाधान आहे की नाही हे ज्याच्याविषयी विचारावयाचे, त्यानेच त्याचे उत्तर द्यावे हा न्याय कोठला? आपल्याच खटल्यात आपण न्यायासनावर बसू नये हा नियम इतका जुना आहे की तो कोणत्या कायद्यात लिहिला आहे असे कोणी विचारीत नाही. लोक जर खरोखर समाधानी असतील, तर त्यांना विचारण्यात भय कसले? आणि भय असेल, तर समाधानाची गोष्ट बोलू नये.

या मासिकाच्या वाचकांस देवस्थानांचा व्यवहार परिचित आहे, म्हणून तेथलाच दाखला देतो. पुष्कळ देवळांत पूजेची पाळी असते. पाळी ज्याची, त्याच्या हाती गाभाऱ्याची किल्ली. तो मनोभावे सेवा करील, देवाला नवे अलंकार घडवील, ओवरीची डागडुजी करील. ते सर्व त्याचे पुण्य. परंतु पाळी संपल्याच्या सकाळी किल्ली पुढच्याच्या हाती गेलीच पाहिजे. ‘मी चांगली पूजा करतो, म्हणून किल्ली माझ्याजवळच राहू द्या’ असे तो म्हणाला, तर त्याच्या चांगल्या पूजेनेच त्याचा दोष वाढतो; कारण त्याने देवाच्या सेवेलाच आपल्या ताब्याचे निमित्त केले. विश्वस्तधर्माचे मर्म येथे आहे. विश्वस्ताची पारख तो किती चांगले सांभाळतो यावर होतेच, पण अखेरची पारख तो कसा सोडतो यावर होते.

रामायणातील भरताकडे या दृष्टीने पाहावे. चौदा वर्षे त्याने राज्य केले, पण सिंहासनावर पादुका होत्या आणि तो स्वतः नंदिग्रामात वल्कले नेसून होता. मुदत पुरी होताच राम न आला तर अग्निप्रवेश करण्याची त्याची प्रतिज्ञा होती. राम परत येताच त्याने राज्य परत केले, आणि वाल्मीकी सांगतात की कोश, कोठारे आणि सैन्य ही दसपट करून परत केली. म्हणजे उत्तम कारभार आणि वेळच्या वेळी परतफेड, ही दोन्ही एका ठिकाणी असू शकतात. भरताला अयोध्येच्या प्रजेने ‘आणखी एक वर्ष’ म्हणून धरले असते, तरी तो राहिला नसता असे आपणांस निश्चित वाटते; आणि म्हणूनच त्याचे नाव आपण सकाळी घेतो.

याच्या उलट बाजूला ययाती आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली आलेले वार्धक्य त्याला सोसेना. त्याने आपल्या मुलांजवळ तारुण्य मागितले. थोरल्यांनी नाकारले, धाकट्या पुरूने दिले. पुढच्या पिढीच्या वाट्याची वर्षे आपल्या आयुष्याला जोडणे याला आपल्या पुराणांनी इतके स्पष्ट रूप दिले आहे. तथापि ययातीच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे: त्याने मागितले. ज्याची वर्षे घ्यावयाची त्याला विचारले, आणि नकार ऐकून घेतला. पाचव्या लोकसभेने एवढेही केले नाही.

आता त्या सभेतील निरनिराळ्या व्यक्तींकडे वळू, कारण नीतीचा प्रश्न अखेर कोणा एकाच्या मनातच सुटतो. मुदत संपली असूनही चालू राहिलेल्या सभेत प्रामाणिक सभासदाने काय करावे? पुण्यास जन्मलेले मधु लिमये हे बिहारमधील बांका येथून १९७३ च्या पोटनिवडणुकीत आलेले होते. कोकणी वाचकांना त्यांची आठवण वेगळ्या कारणाने असेल: १९५५ साली ते गोव्याच्या सत्याग्रहात शिरले, मार खाल्ला, आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काळ राहिले. १९७६ च्या मार्चमध्ये ते पुन्हा तुरुंगात होते, या वेळी स्वदेशाच्या. मतदारांनी मला पाच वर्षांच्या सभेसाठी पाठविले, ती पाच वर्षे संपली, आता या जागेवर माझा हक्क नाही, अशा भूमिकेने त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण सभासद शरद यादव यांनीही तोच मार्ग धरला.

मोरारजींचे सदस्यत्व कायम राहिले. स्थानबद्धतेतून ते १८ जानेवारी १९७७ रोजी सुटले. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ सुरत नगराला लोकसभेत नावापुरता प्रतिनिधी होता, पण आवाज नव्हता.

तिसरे उदाहरण गुजरातेतील एका मराठी घराण्याचे आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचे पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हे १९७२ च्या पोटनिवडणुकीत अहमदाबादेतून अपक्ष म्हणून निवडून आले होते. ते बाहेर होते, आणि आणीबाणीच्या काळात ते सभागृहात उभे राहून विरोध बोलत राहिले. बाहेर ती भाषणे छापण्याची सोय नव्हती. ती १९७९ साली ‘नो, सर’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली.

या तिघांत धर्म कोणी पाळला? माझ्या मते उत्तर एकच नाही, आणि ते एकच असू नये. कसोटी ही घ्यावी: ज्या जागेवर मी बसलो आहे, तिच्यापासून माझ्या मतदाराला आज काही मिळते काय? मावळंकरांच्या जागेपासून अहमदाबादला एक गोष्ट मिळत होती, नकाराचा उच्चार. ज्या सभेत सर्वत्र होकार गाजत असतो तेथे एका मतदारसंघाचा नकार नोंदला जाणे ही लहान सेवा नव्हे. त्यांनी राहणे योग्यच होते. लिमयांच्या जागेपासून बांक्याला काहीच मिळत नव्हते, कारण ते बोलू शकत नव्हते. म्हणून ती जागा सोडून देणे हाच त्यांच्या हाती उरलेला एकमेव उच्चार होता, आणि तो त्यांनी केला. मोरारजींचा प्रश्न अधिक अवघड आहे. तुरुंगातल्या माणसाने जागा सोडली असती तर ती सत्तेच्या हाती गेली असती, असे म्हणता येते. ज्याला बळाने दूर ठेविले आहे त्याने स्वखुशीने आणखी दूर का जावे, असेही म्हणता येते. सुरतेचे लोक त्यांना दोष देत नाहीत, मीही देत नाही. तथापि तिन्ही कृत्ये समोर ठेवली असता सर्वांत निर्मळ असे लिमयांचे कृत्य आहे. त्यात स्वतःच्या लाभाचा अंशही नाही, आणि त्याने एक सत्य सांगितले जे इतर दोघांच्या कृत्याने सांगितले गेले नाही: मुदत संपली म्हणजे ती सर्वांचीच संपते, विरोधकाचीही.

येथे एक प्रतिप्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुदत ही जर दोन्ही बाजूंना बांधणारी असेल, तर ती आधी मोडणेही तितकेच वाईट नव्हे काय? मुदती हुंडीचे पैसे धनकोने तारखेपूर्वी मागू नयेत. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या विद्यार्थ्यांच्या खाणावळीच्या दरवाढीवरून सुरू झालेले नवनिर्माण आंदोलन गुजरातभर पसरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला. विधानसभा विसर्जित व्हावी म्हणून मार्चमध्ये मोरारजींनी उपोषण मांडले, आणि ती विसर्जित झाली. ती सभा १९७२ साली निवडलेली, म्हणजे तिची तीन वर्षे बाकी होती. पुढे नवी निवडणूक लांबते असे पाहून एप्रिल १९७५ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा उपोषण केले, आणि जूनमध्ये निवडणूक झाली. ज्या नेत्याने एका सभेची मुदत उपोषणाने कमी करविली, त्याच्या बाजूने दुसऱ्या सभेच्या मुदतवाढीला दोष देणे हा पक्षपात नव्हे काय?

अंशतः आहे, असे मी म्हणेन. निवडून दिलेल्या सभेला रस्त्यावरच्या क्षोभाने घरी पाठविणे ही सवय झाली, तर कोणतीच सभा अप्रिय पण आवश्यक असे काही करू धजणार नाही. परंतु दोन्ही दोष समान वजनाचे नाहीत. मुदत अलीकडे ओढली तर प्रश्न पुन्हा मतदाराकडे जातो. पलीकडे ढकलली तर तो मतदारापासून दूर नेला जातो. पहिल्यात चूक झाली असली तरी ती दुरुस्त करण्याचे साधन लोकांच्या हाती राहते. दुसऱ्यात साधनच काढून घेतले जाते.

याच कसोटीने जनता पक्षालाही तपासले पाहिजे. मार्च १९७७ ची निवडणूक होऊन मोरारजी २४ मार्चला पंतप्रधान झाले. सुरतेच्या प्रतिनिधीला ते पद प्रथमच मिळाले. आणि लगेच एप्रिलअखेर त्यांच्या सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित केल्या. लोकसभेच्या निकालाने त्यांचा लोकाधार गेला, असे कारण दिले. त्यांतील बहुतेकांची मूळची पाच वर्षे मार्च १९७७ मध्ये भरली होती आणि त्या बेचाळिसाव्या दुरुस्तीच्या वाढीव श्वासावर होत्या. त्यांच्याविषयी काही म्हणावयाचे नाही. परंतु उत्तर प्रदेश आणि ओरिसा येथील विधानसभा १९७४ साली निवडल्या गेल्या होत्या. त्यांची मुदत शिल्लक होती. एका निवडणुकीचे उत्तर दुसऱ्या निवडणुकीच्या प्रश्नाला लावून त्यांना घरी पाठविले. पुढे १९८० साली सत्तेत परतलेल्या इंदिरा गांधींनी तोच दाखला घेऊन नऊ विधानसभा विसर्जित केल्या. सज्जनांनी घालून दिलेली वाट दुर्जनांनाच मोकळी असते असे नाही, ती प्रतिस्पर्ध्यालाही मोकळी असते. राज्यकर्त्याने हे विसरू नये. महाराष्ट्राच्या विधानसभेला मात्र त्या वाढीव वर्षाचा लाभ मिळाला: मार्च १९७२ मध्ये निवडलेली ती सभा फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीपर्यंत चालली, आणि आम्हां मराठी माणसांना त्याची फारशी आठवणही नाही.

न्यायासाठी इंदिरा गांधींच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८ मार्च १९७८ पर्यंत राहण्याचा कायदा हाती असताना त्यांनी १८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभा विसर्जित केली. चौदा महिने सोडून दिले. हेतू काय होता याविषयी इतिहासकार वाद घालोत. ययातीने अखेर पुरूचे तारुण्य परत केले, तसे हे परत करणे झाले. आणि लोकांनी आपला निकाल निर्भयपणे दिला. ती लोकसभा एकंदर पाच वर्षे दहा महिने जगली. त्यातील दहा महिने तिचे नव्हते.

त्या दहा महिन्यांतील सर्वांत मोठे कृत्य म्हणजे बेचाळिसावी दुरुस्ती. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये तिनेच घटनेत घातली, आणि ती आजही तेथे आहेत. कर्तव्ये चांगली आहेत. तरी ज्या सभेची स्वतःच्या कर्तव्याची तारीख उलटून गेली होती, तिने इतरांच्या कर्तव्यांची यादी करावी, यात नियतीचा काही उपहास आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. सुदैवाने त्यापूर्वीच, २४ एप्रिल १९७३ रोजी, कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरविले होते की घटना दुरुस्त करता येते, तिचा मूळ सांगाडा मोडता येत नाही. स्वामी आपल्या मठाच्या जमिनींसाठी न्यायालयात गेले होते. देशाला त्यातून मिळाले ते हे की संसद मालक नाही, विश्वस्त आहे. १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीतील अमर्याद अधिकाराचा भाग रद्द झाला. तो निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनीच १९७६ साली स्थानबद्धांच्या खटल्यात सरकारच्या बाजूने मत दिले होते. माणूस आणि न्यायपीठ, दोघांनाही मागे वळता येते याचे हे उदाहरण आहे. त्याआधी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली होती.

मात्र एक गोष्ट तशीच राहिली. आणीबाणीत एकेक वर्षाने मुदत वाढविण्याची ८३ व्या अनुच्छेदातील सवलत काढली गेली नाही. आणीबाणी पुकारणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे हे खरे. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ हे कारण आले. मंगळुरात जन्मलेले हरि विष्णु कामत यांनी घटनासमितीत आणीबाणीच्या तरतुदींना जो विरोध केला होता तो अशा रीतीने थोडाबहुत फळला. परंतु दार आहेच. फक्त त्याची कडी उंचावर बसविली आहे.

आणि मुदतीचा प्रश्न केवळ आणीबाणीपुरता नाही. सर्व निवडणुका एकत्र घेण्यासाठी जे घटनादुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले, त्यात मध्येच विसर्जित झालेल्या सभेच्या जागी येणाऱ्या सभेला उरलेल्या काळापुरतेच आयुष्य देण्याची कल्पना आहे. तिच्या गुणदोषांचा विचार करताना हीच कसोटी लावावी की त्याने मतदाराला अधिक वेळा विचारले जाते की कमी वेळा. सुरतेपुरते बोलावयाचे तर एप्रिल २०२४ मध्ये येथील लोकसभेची जागा मतदानापूर्वीच बिनविरोध ठरली. एका उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र नामंजूर झाले, इतरांनी माघार घेतली, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उरलेला उमेदवार निवडून आल्याचे जाहीर करण्यात आले. हे १९७६ सारखे मुळीच नव्हे. कोणी आपली मुदत वाढविली नाही. परंतु मतदाराने बोटाला शाई न लावताच पाच वर्षे सोपविली गेली, हे नगराने विसरून जाण्यासारखे नाही. ज्या नगराचा प्रतिनिधी एकदा अठरा महिने मुका केला गेला होता, त्याने तरी विचारले जाण्याचे मोल ओळखावे.

सुरतेला दोन सभांची आठवण आहे. डिसेंबर १९०७ मध्ये येथे भरलेली राष्ट्रसभा जहाल-मवाळांच्या भांडणात, जोड्यांच्या फेकाफेकीत, वेळेपूर्वीच मोडली. आणि ज्या लोकसभेत तिचा प्रतिनिधी होता ती वेळेनंतरही उठली नाही. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले गेले. ती लाजिरवाणी दिसली म्हणून. दुसरीत आरडाओरड नव्हती, जोडे नव्हते, सर्व काही नियमाने, मतदानाने, अध्यक्षांच्या अनुज्ञेने झाले. मला मात्र ती शांतताच अधिक भयावह वाटते. मोडलेली सभा पुन्हा भरविता येते. न उठणाऱ्या सभेला उठविण्याचा उपाय घटनेत कितीही शोधला तरी सापडत नाही; तो बसणाऱ्याच्या मनात असेल तरच असतो. म्हणून देवळाची पाळी असो, पेढीची हुंडी असो वा देशाची सभा असो, आपल्या मुलांना हिशेब शिकवितानाच आपण एवढे शिकवावे की तारीख आली म्हणजे कोणी मागण्याची वाट न पाहता किल्ली पुढे करावी.